सिद्ध पुरुष पाहिजे

सोमवारी सकाळी दुर्गा तळपदेच्या ऑफिसातल्या इंटरनेटला गाळणी बसली, आणि बुधवारी संध्याकाळी 'प्रौढ मजकूर' उघडणाऱ्यांच्या यादीत तिचं नाव पहिलं आलं. एकोणपन्नास वर्षांच्या आयुष्यात ती कुठल्याही यादीत पहिली आली नव्हती. शाळेत नाही, चाळीच्या रांगोळी स्पर्धेत तर नाहीच नाही.

ऑफिस परळला, जुन्या गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या काचेच्या टॉवरमध्ये, एकोणिसाव्या मजल्यावर. विम्याच्या दाव्यांचे कागद तपासायचं काम. लोकांच्या आजारांची खासगी माहिती समोर असायची, म्हणून मोबाईल सकाळी साडेनऊला खाली गेटशी लॉकरमध्ये टाकायचा तो सहाला काढायचा. कंपनीच्या कॉम्प्युटरवर मात्र इंटरनेट मोकळं होतं, आणि दुर्गाचं सगळं खरं आयुष्य त्या मोकळ्या खिडकीतून चालायचं.

ठाकूरद्वारच्या दीड खोलीत ती एकटी राहायची. म्हणजे माणूस एकटंच. बाकी नऊ टाक्यांमध्ये गप्पी मासे. "गप्पी? ते महापालिका विहिरीत सोडते ते? मच्छर खाणारे?" असं कुणी विचारलं की दुर्गाच्या मस्तकात जायचं. तिचे गप्पी निराळे होते. अकरा वर्षं नर-माद्या निवडून, जोड्या लावून, तिने एक वाण तयार केलं होतं. दौतीतल्या शाईसारखी निळी शेपटी, आणि तिच्या कडेला पांढरी बारीक रेघ. असं वाण मुंबईत दुसऱ्या कुणाकडे नव्हतं. चार वर्षांपूर्वी तिने त्यातली एक जोडी दादरच्या कास्मीर अंकलना दिली होती, तेवढीच.

हे कास्मीर अंकल गोदीतून निवृत्त झालेले, पोर्तुगीज चर्चच्या मागे राहणारे. दुर्गाने त्यांना आयुष्यात एकदाच पाहिलं होतं, पण मासेवाल्यांच्या फोरमवर त्यांचं रोज बोलणं व्हायचं. त्यांच्याकडे मोबाईल नव्हता. लेकीचा कॉम्प्युटर अकरा ते चार मोकळा असायचा, तेवढ्या वेळात ते जगाला सल्ले द्यायचे आणि मग बंद.

गाळणी बसायच्या आदल्याच आठवड्यात दुर्गाच्या मोठ्या टाकीत रोग शिरला. माशांच्या तोंडाशी पांढरं काहीतरी धरायला लागलं. पहिले दोन नर शनिवारी गेले. सोमवारी अकराला तिने फोरम उघडला, तर पडद्यावर लाल पान आणि त्यावर आडवा हात. खाली लिहिलेलं: हे संकेतस्थळ अडवलेलं आहे. प्रकार: प्रौढ मजकूर.

दुर्गाने चष्मा काढला, पुसला, परत घातला. हात होता तिथेच होता.

ती आयटीच्या टेबलाशी गेली. तिथे ॲलिस्टर बसायचा. वांद्र्याहून मोटरसायकलवर येणारा, तिला दुर्गाआंटी म्हणणारा.

"अरे ॲलिस्टर, मासे प्रौढ आहेत म्हणून सांगतंय ते यंत्र."

त्याने गाळणीने धरलेल्या ओळी आपल्या कॉम्प्युटरवर उघडल्या, दोन मिनिटं वाचलं आणि त्याचे कान लाल झाले. "आंटी, इथे प्रत्येक ओळीत 'ब्रीडिंग' आहे. 'व्हर्जिन फीमेल' आहे. एका माणसाने लिहिलंय, ट्रायो पाहिजे, एक मेल, दोन फीमेल."

"मग? तसंच ठेवतात. मादी कोरी हवी, नराशिवाय वाढलेली, नाहीतर पिल्लं कुणाची हे कसं कळणार?"

"मला पटतंय. मशीनला कोण पटवणार? मेन ऑफिसला मेल टाका. साइट मोकळी करायची पॉवर माझ्याकडे नाही."

मंगळवारी दुर्गाने मेल लिहिली. वीस वर्षं दावे मंजूर-नामंजूर करणारी बाई, तिला अर्ज कसा लिहायचा हे शिकवावं लागत नव्हतं. 'ब्रीडिंग'चा अर्थ, 'व्हर्जिन'चा अर्थ, जोडी म्हणजे काय, तिघांचा संच म्हणजे काय, सगळं क्रमवार स्पष्ट केलं. बटण दाबलं. अर्ध्या मिनिटात उत्तर आलं: आपल्या मेलमध्ये आक्षेपार्ह शब्द असल्याने ती पुढे पाठवता येत नाही. शिवाय या प्रयत्नाची नोंद घेण्यात आली आहे.

"घे बाबा घे," दुर्गा पडद्याला म्हणाली. "जन्माच्या नोंदी घे."

तिने लाल पान त्या दिवशी किती वेळा उघडलं कोण जाणे. दर पाच मिनिटांनी वाटायचं, एव्हाना सुटलं असेल. आदल्या संध्याकाळी तिने मोबाईलवरून फोरमवर रोगाबद्दल विचारलं होतं. जेवणाच्या सुट्टीत खाली जाऊन मोबाईलवर उत्तर बघावं म्हटलं, तर सुट्टी अर्ध्या तासाची आणि लिफ्टची रांग वीस मिनिटांची. ती गेटपर्यंत पोचली, आणि कास्मीर अंकलचं उत्तर वाचायच्या आधी परत फिरावं लागलं. सहाला मोबाईल हातात आला तेव्हा उत्तर दिसलं: 'पाणी गरम करू नका, गरम पाण्यात हा रोग चेकाळतो.' दुर्गाने आदल्याच रात्री, मासे सर्दी झाल्यासारखे गारठलेत म्हणून, हिटर वाढवला होता.

बुधवारी पहाटे मोठ्या टाकीत एकही निळी शेपटी हलत नव्हती. या वाणाचे नर सगळे त्याच टाकीत होते, ते संपले. वेगळ्या टाकीत ठेवलेल्या तीन कोऱ्या माद्या तेवढ्या धडधाकट होत्या, पण नुसत्या माद्यांवर वाण चालत नाही. दुर्गा स्टुलावर बसली. रडली नाही. अकरा वर्षांची टाकी घासायला घेतली, आणि घासताना फिल्टर बनवणाऱ्याच्या सात पिढ्या शुद्ध मराठीत धुऊन काढल्या. बसमध्ये बसल्यावर मोबाईलवरून फोरमवर इंग्रजीत लिहिलं: तीन व्हर्जिन फीमेल उरल्या आहेत, एक प्रूव्हन मेल तातडीने हवा. म्हणजे ज्याच्यापासून पिल्लं झालेली आहेत असा खात्रीचा नर.

त्या संध्याकाळी ती यादी निघाली. यादी गुप्त होती, म्हणून सहाच्या आत एकोणिसाव्या मजल्यावर सगळ्यांना पाठ होती. दुर्गा तळपदे, एकशे अठ्ठ्याऐंशी प्रयत्न. दुसऱ्या नंबरवरच्या माणसाचे सहा होते.

वैशाली तिच्या शेजारच्या टेबलाची. ती कॉफी घेऊन आली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "दुर्गाताई, तुम्ही ग्रेट आहात. मला एक सांगा, ते लाल पान आलं की पुढे काय करायचं असतं?"

"तुला काय बघायचंय?"

"युद्धनौका. मी पुठ्ठ्याच्या बनवते. 'शस्त्रास्त्रे' म्हणून बंद केलंय."

मागोमाग स्टॅनली. पन्नाशीचा, चर्चच्या कॉयरमध्ये गाणारा गंभीर गृहस्थ. तो घरी जांभळाची वाईन करायचा आणि त्याची बरणी नेमकी आंबायच्या अवस्थेत अडकली होती. 'मद्य' म्हणून त्याची साइट बंद. दोघांनाही वाटत होतं, एकशे अठ्ठ्याऐंशी वेळा प्रयत्न करणाऱ्या बाईला काहीतरी चोरवाट माहीत असणार. दुर्गाला काही माहीत नव्हतं. पण लोक इतक्या आदराने विचारायला लागल्यावर नाही म्हणणं जिवावर आलं.

"उद्या सांगते," ती म्हणाली आणि निघताना ॲलिस्टरला पॅन्ट्रीत गाठलं.

ॲलिस्टरने इकडेतिकडे पाहिलं. "मी काही सांगितलं नाही हं, आंटी. भाषांतराची साइट असते ना, तिच्यात पत्ता टाकायचा. ती पान मराठीत करून दाखवते. गाळणीला मराठी येत नाही."

गुरुवारी अकराला दुर्गाने तसं केलं, आणि फोरम उघडला. आख्खा, रंगीत, मराठीत. तिथे लॉग इन होत नव्हतं, नुसतं वाचता येत होतं. वाचता वाचता तिचं तोंड उघडं राहिलं. बंगळुरूचा कुणी विचारत होता, 'माझा पुरुष बायकांचा पाठलाग करून थकला आहे, काय करू?' आणि सगळ्यात वर, मोठ्या अक्षरात तिचाच मजकूर होता:

'माझ्याकडे तीन कुमारी महिला उरल्या आहेत. एक सिद्ध पुरुष तातडीने पाहिजे. दुर्गा, ठाकूरद्वार.'

गाळणीला मराठी येत नव्हती. मॅनेजर वरदला येत होती. तो नेमका तेव्हाच तिच्या खुर्चीमागून चालला होता.

वरद चौतीस वर्षांचा, शिवाजी पार्कला सकाळी पळणारा, सभ्य मुलगा. त्याने ते दोनदा वाचलं. "मॅडम," तो घसा साफ करून म्हणाला, "साडेतीनला केझियाच्या केबिनमध्ये या."

दुपारपर्यंत भाषांतराची साइटही बंद झाली. कास्मीर अंकलनी काही लिहिलं असेल तर ते दुर्गाला दिसलं नाही.

केझिया एचआरची. सत्तावीस वर्षांची, हुशार. पण अशा विषयावर आईच्या वयाच्या बाईशी बोलायचं तिला कुणी शिकवलं नव्हतं. टेबलावर कागद, बाजूला वरद, कोपऱ्यात तांत्रिक साक्षीदार म्हणून ॲलिस्टर. तो छताकडे बघत होता.

"मॅडम, प्लीज बसा ना. हे जजमेंट नाहीये. प्रत्येकाची... म्हणजे प्रायव्हेट लाइफ असते. फक्त ऑफिसमध्ये..."

"केझिया, बाळा, मासे आहेत ते."

"हो मॅडम, त्यांना जे काही म्हणत असतील ते. पण मुली..."

"मुली नाहीत गं. माद्या."

वरद मध्ये पडला. "मॅडम, मी स्वतः वाचलंय. कुमारी महिला. शब्द तोच होता."

"आणि सिद्ध पुरुष पण होता ना? मग असं का नाही वाटलं तुम्हाला, की बाई अध्यात्माला लागली?" दुर्गाचा आवाज चढला. "सर, तुम्हाला दोन शब्दांतला वाईटच तेवढा दिसला. माझे सगळे नर मेले काल. अकरा वर्षं घातली मी त्यात. त्या यंत्राने मला एक साधी ओळ वेळेवर वाचू दिली असती तर त्यातले निम्मे जगले असते. आणि तुम्ही मला विचारताय मुली कुठल्या!"

केझियाने पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. दुर्गाने तो तसाच तिच्याकडे परत सरकवला.

टेबलावरचा फोन वाजला. केझियाने घाईत स्पीकर दाबला. खालून गेटवरचा सीताराम होता.

"मॅडम, इकडे एक म्हातारे गृहस्थ आलेत. पिशवीत पाणी आहे. मी म्हटलं तपासणीच्या मशीनमध्ये टाका, तर अंगावर येतात. म्हणतात, तळपदेबाईंचा पुरुष आणलाय."

ॲलिस्टर फुटला. त्याला हसू आवरायला बाहेर जावं लागलं. केझियाने दोन्ही हात तोंडावर ठेवले. दुर्गा मात्र खुर्चीतून उठलीसुद्धा होती, आणि त्या दिवशी लिफ्टही चटकन आली.

मागोमाग वरद आणि केझिया उतरले. गेटवर हॅट घातलेले कास्मीर अंकल, हातात फुगलेली प्लास्टिकची पिशवी, आणि सीताराम ती धरायला बघतोय.

"दुर्गा, तू उत्तरच देत नाहीस!" अंकल ओरडले. "काल लेकीचा कॉम्प्युटर मिळाला नाही, आज बारा वाजल्यापासून लिहितोय. तुझ्याच जोडीचा नातू आहे हा. दोनदा पिल्लं झालीत याला. मी म्हटलं, ही पोरगी लिहीत नाही म्हणजे काहीतरी भानगड आहे. टॉवरचं नाव तू एकदा लिहिलं होतंस, बस पकडून आलो."

पिशवीत, उन्हात, एक बोटभरही नसलेला मासा उलटसुलट फिरत होता. निळी शेपटी, तिला पांढरी कड. दुर्गा पिशवीवर वाकली. मग पदराने नाक पुसून म्हणाली, "सर, हा बघा सिद्ध पुरुष."

वरदने बराच वेळ पाहिलं. "छान आहे," तो म्हणाला, आणि मग प्रामाणिकपणे म्हणाला, "सॉरी, मॅडम." अर्ध्या दिवसाची रजा त्यानेच लिहून दिली, कारणात 'घरगुती' असं घालून. अंकलना सीतारामने आपली खुर्ची दिली. मशीनमध्ये पिशवी घालायचा त्याचा हट्ट अजून सुटला नव्हता, पण केझियाने त्याला बाजूला घेतलं.

नवा नर पहिले तीन दिवस निराळ्या टाकीत राहिला आणि जगला. महिन्याभराने माद्यांना पिल्लं झाली, पहिल्या खेपेला सव्वीस. त्यातली चार सुरुवातीलाच गेली, बाकी वाढली.

ऑफिसातलं प्रकरण सावकाश चाललं. मेल जात नव्हती, म्हणून दुर्गाने अर्ज कागदावर लिहून कंपनीच्या टपालाने धाडला. सोबत वैशालीचा आणि स्टॅनलीचाही लिहून दिला, कारण आता मागे हटणं शोभलं नसतं. मेन ऑफिसात सहा जणांची समिती बसली. म्हणे एका साहेबांना अर्ज मोठ्याने वाचायला सांगितला, आणि ते तिसऱ्या परिच्छेदावर थांबले ते थांबलेच. वैशालीच्या युद्धनौका पुठ्ठ्याच्या असल्याने मंजूर झाल्या. स्टॅनलीची वाईन नामंजूर. पण बरणी तोवर आपापली आंबून तयार झाली होती आणि नाताळात सगळ्यांना मिळाली. गप्पी मासे सहा आठवड्यांनी सुटले, प्रकार: शेती व पशुपालन, वेळ: दुपारी एक ते दोन.

तोवर अंकलच्या लेकीने त्यांना मोबाईल घेऊन दिला होता आणि ते दुर्गाला रोज संध्याकाळी फोन करून कान किटवायचे. फोरमची तशी गरज उरली नव्हती. तरी एक वाजला की दुर्गा डबा बाजूला सारते, पान उघडते आणि पडद्याचं तोंड मुद्दाम वाटेकडे वळवून ठेवते, जाणाऱ्या-येणाऱ्याला नीट वाचता यावं म्हणून.