तुळशीखालचं झाकण

मित्रांनो, मी एक जुनं झाकण आहे. तेही संडासाच्या टाकीचं. मुरडलंत ना नाक? खुशाल मुरडा, आम्हाला सवय आहे. फक्त माझी हकिगत ऐकून झाली की पुन्हा एकदा मुरडून दाखवा, मग बोलू.

माझा जन्म लालबागच्या एका फौंड्रीतला. वाळूच्या साच्यात बिडाच्या लोखंडाचा लालभडक रस ओतला आणि मी घडलो. दीड हात रुंद, दोन माणसांनी मिळून उचलावं एवढा जड. दुसरं महायुद्ध संपलं त्याच्या पुढच्या वर्षी अप्पा केळुसकरांनी माटुंग्याला एका गल्लीत छोटंसं घर बांधलं. गल्लीत गटाराची लाईन आली नव्हती, म्हणून मागच्या अंगणात जमिनीखाली टाकी बांधली आणि तिच्या तोंडावर मला बसवलं.

खरं सांगू, मी आधी मनातून खट्टू झालो होतो. माझ्याबरोबरचे कुणी गिरणीत गेले, कुणी गोदीत, आणि माझ्या नशिबी हे. पण मग खाली बघायला लागलो आणि थक्कच झालो. घरातली सगळी घाण त्या अंधारात येते. जड असेल ते तळाशी बसतं, हलकं वर तरंगतं, आणि मधे डोळ्यांनाही न दिसणारे लाखो जीव ती घाण गुपचूप खात बसतात. त्यांना ना सुट्टी, ना कुणाची शाबासकी. तरी तळाशी थोडा गाळ उरतोच, आणि तो दोन-तीन वर्षांनी उपसावा लागतो. एवढंच माणसांचं काम. तेवढंही अप्पांच्या हातून झालं नाही.

चूक कुणाची म्हणाल, तर भक्तीची. अप्पांच्या पत्नी सुभद्राबाई यांनी वेंगुर्ल्याहून, माहेरच्या अंगणातून तुळशीचं रोप आणलं होतं. बोटीच्या प्रवासात ते त्यांनी मांडीवरून खाली ठेवलं नाही म्हणे. अंगणात उंच, कोरडी, सपाट जागा कुठली? तर माझी. गवंडी आला आणि त्याने माझ्यावरच विटांचं वृंदावन बांधून टाकलं. मग काय विचारता माझा थाट! रोज सकाळी डोक्यावर पाणी, संध्याकाळी दिवा. सुभद्राबाई हात जोडायच्या आणि मी खाली अंग चोरून बसायचो. नमस्कार मला नाही, हे मला कळत होतं. तरी बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू?

अशी वर्षं गेली. संयुक्त महाराष्ट्राचे दिवस आले. गल्लीतून मोर्चे जाऊ लागले. हजारो पावलांनी जमीन थरथरायची आणि तो थरार माझ्यात घुमायचा. एवढी माणसं एका आवाजात एकच गोष्ट मागतात, याचा मला फार अचंबा वाटे. टाकी उपसायला माणूस बोलावला होता, पण छप्पन सालच्या जानेवारीत गोळीबार झाले, रस्ते बंद पडले आणि ते राहून गेलं. पुढे कुणी आठवण केली की अप्पा म्हणायचे, "आधी मुंबईचा निकाल लागू दे, मग टाकीचं बघू."

टाकी कसली थांबतेय? पुढच्या वर्षी कार्तिकात, तुळशीचं लग्न तीन दिवसांवर आलं असताना मोरीतून काळं पाणी उलटं वर आलं.

करी रोडहून टाक्या उपसणारा रामजी आला. बरोबर त्याची बायको कांता आणि हातगाडीवर हाताने हलवायचा पंप. रामजीने अंगण ठोकून पाहिलं आणि वृंदावनापाशी थांबला.

"साहेब, झाकण हिच्याखाली आहे. पंपाची नळी ताठ असते, ती इथूनच सरळ खाली जाणार."

"तुळस हलणार नाही," अप्पा म्हणाले. "लग्न तोंडावर आलंय. बाजूची फरशी फोड, तिथून तिरका आत उतर, बादल्यांनी काढ."

रामजीने मान हलवली. "उतरतो."

अकरा वर्षांचा कोंडलेला वायू माझ्याखाली होता. तो माणसाला ओरडायचीसुद्धा सवड देत नाही. मला ठाऊक होतं, पण मी बोलणार कसा?

कांता मात्र बोलली. ती अप्पांकडे वळलीच नाही, सरळ सुभद्राबाईंपुढे जाऊन उभी राहिली.

"बाई, परळला एका टाकीत हे असेच उतरले होते. दोराने ओढून काढले तेव्हा जीव होता, पण नाक गेलं ते गेलंच. तेव्हापासून ह्यांना वास येत नाही, म्हणून मी बरोबर येते. ह्यांना नाही म्हणता येत नाही, ते मी म्हणते. तुमची तुळस परत लागेल, बाई. माणूस परत लागत नाही."

सुभद्राबाई आत गेल्या. मला वाटलं, संपलं. पण त्या खुरपं घेऊन बाहेर आल्या.

"अहो, लग्नाचं काय?" अप्पा म्हणाले.

"तुळस माझी आसा. मी हलवतंय."

त्या माती उकरू लागल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. माहेरचं रोप होतं ते. कांताच्या घरच्यांनी आदल्याच वर्षी बौद्ध धम्म घेतला होता, तिच्या दारात तुळस नव्हती. तरी ती खाली बसली आणि मुळांचा गड्डा तिने दोन्ही हातांनी अलगद सावरला. दोघींनी मिळून रोप तेलाच्या रिकाम्या डब्यात लावलं.

रामजीने पहारीने विटा फोडल्या आणि कांताच्या मदतीने मला पहिल्यांदा उचललं. केवढं आभाळ होतं हो! ते दोघं लगेच कामाला लागले नाहीत. अर्धा दिवस टाकी उघडी ठेवली, जवळ कुणाला विडीसुद्धा पेटवू दिली नाही. मग गाळ किती साचलाय ते बघायला बांबूला जुनं पांढरं धोतर गुंडाळून तळापर्यंत सोडलं. वर काढलं तर दोन हात काळं झालेलं. अप्पा ते बघून पायरीवर बसले. मग "रामजी, मला माहीत नव्हतं रे," एवढंच म्हणाले.

नवरा-बायकोने पंप हाणून सगळा गाळ उपसला. लग्न तेलाच्या डब्यातल्या तुळशीचंच लागलं. पानं थोडी मलूल होती, पण महिन्याभरात नवी पालवी फुटली. नवं वृंदावन अंगणाच्या दुसऱ्या कोपऱ्यात बांधलं. मुंबईचा निकाल लागायला अजून अडीच वर्षं होती. सुभद्राबाई त्यासाठी थांबल्या नाहीत. दर दोन वर्षांनी आधी टाकी उघडायची, मग तुळशीचं लग्न, असा त्यांनी घरात नेमच घातला.

त्यानंतर रामजी कित्येक वर्षं आला. आत कधीच उतरला नाही. तरी तो वाकून बघायला लागला की कांता मागून त्याच्या सदऱ्याचं टोक मुठीत घट्ट धरून उभी राहायची. मी बाजूला पडल्या पडल्या त्या मुठीकडे बघत राहायचो. मी बिडाचा, पण तेवढी घट्ट पकड मला कधी जमली नाही.

मित्रांनो, आज घरी गेलात की विचारा, आपल्या टाकीचं झाकण कुठे आहे? त्याच्यावर काही बांधलं असेल तर हलवायला सांगा. आणि कुणी कुणाला आत उतरायला सांगत असेल, तर तुम्ही त्याच्या सदऱ्याचं टोक धरा. रामजीने काम सोडलं तेव्हा त्याचे केस पांढरे झाले होते, आणि तो या अंगणातून स्वतःच्या पायांनी चालत गेला.