ढगावर टाकलेली रापण

नऊ दिवस माझा भाऊ हेक टेकडीवर बसून होता. डोक्यावर टोपी, मांडीवर दुर्बीण. खाली वाळूत त्याचा जोडीदार डेस, होडी आणि रापणीचे, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याचे, चार गडी. नियम एकच, तोही बापाच्या तोंडून आलेला:

वारा मावळतीचा, थवा ये बोयींचा,
टोपी डोईवर, तोवर धीर धर.

टोपी डोक्यावर आहे तोवर कुणी हलायचं नाही. उतरली की होडी पाण्यात. वाळूवरून बोय मासा दिसत नाही, उन्हाने पाणी नुसतं चकाकतं. म्हणून खालच्यांनी विचारायचं नाही, वरच्याने चुकायचं नाही. चाळीस वर्षांत हेक चुकला नव्हता.

मी बेरिल. चहा वर नेणं, दोर वाळवणं आणि दोघा म्हाताऱ्यांमधलं न बोललेलं ऐकणं, ही माझी कामं.

हौशी गळवाल्यांच्या फीमधून जमलेल्या पैशातून आमचे परवाने विकत घ्यायचे आणि इथली रापण कायमची थांबवायची, असं सरकारात ठरलं होतं. सरकारी खात्यातली मेरन नावाची मुलगी ते कागद घेऊन आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसली.

"हेक, तुमची बोय बाजारात किलोवर जाते. गळवाला एका ब्रीम माशासाठी तीन दिवस गावात राहतो. खोली, बर्फ, पेट्रोल, जेवण. मासा तेवढाच, गावाच्या पदरात जास्त."

"बोय गळाला लागतच नाही, पोरी."

"नाही लागत. पण रापणीत ब्रीम येते ना?"

"येते," हेक म्हणाला. पोरगी खोटं बोलत नव्हती, त्यामुळे भांडायचीही सोय राहिली नाही.

अट अशी की हेक आणि डेस, दोघांचे परवाने एकदम. एकाने नाही म्हटलं तर दुसऱ्यालाही काही नाही. मुदत शुक्रवारी संध्याकाळी पाचची.

डेसच्या नोरीनच्या दोन्ही किडन्या गेलेल्या. आठवड्यातून तीनदा पहाटे चारला उठून डेस तिला दीड तासावर मशीनला सोडून यायचा. शहरात लेकीजवळ घर घ्यायचं तर हाच पैसा. पण हेकपुढे त्याने कधी शब्द काढला नाही. हेकनेच हात पुढे केला होता, "शुक्रवारपर्यंत जाळ्याची एक भरलेली ओढ मिळाली तर राहायचं. नाहीतर दोघं सह्या करू." डेसने हात मिळवला. हात मिळवल्यावर मागे फिरणारा माणूस नाही तो.

शुक्रवारी मावळतीचा वारा सुटला. अकराला मी चहा घेऊन वर गेले. हेकची दुर्बीण समुद्राकडे नव्हतीच. खाली होडीच्या सावलीत डेस तोंड उघडं टाकून झोपला होता, तिकडे होती.

"आज पण सोडून आलाय तिला," हेक म्हणाला. "बूट बघ. दोन पायांत दोन निराळे."

तेवढ्यात भूशिराला वळसा घालून तांबूस काळी सावली आली. नांगरल्यासारखं पाणी उलटत होतं. वर्षभराची भाकरी पोहत चालली होती.

"हेक!"

"दिसतंय."

त्याचा हात टोपीच्या कडेला गेला. थांबला. मग त्याने टोपी आणखी खाली ओढली, कानापर्यंत. थवा किनाऱ्याला घासून, गळवाल्यांच्या दोऱ्यांखालून, उत्तरेकडे गेला. कुणाला पत्ता नाही.

"चहा गार होतोय," हेक म्हणाला.

दोनच्या सुमाराला एक ढग आला. त्याची सावली पाण्यावर पडली आणि हेकने टोपी काढली.

होडी धावली. गळवाले शिव्या घालत दोऱ्या गुंडाळू लागले. रापण पडली, दोर ताणले. माणसं कमी पडली, तेव्हा गळवाल्यांच्या क्लबातला लाल जर्सीवालाही दोराला लागला. जाळं वाळूवर आलं. शेवाळ, एक जेलीफिश, दोन ब्रीम.

डेसने आभाळाकडे बघितलं. "ढग होता रे! म्हाताऱ्या, ढगावर रापण टाकलीस!"

सगळे हसले. जर्सीवाला म्हणाला, "आज ढग काय किलो, काका?"

हेक टेकडी उतरून आला होता. दोन्ही ब्रीम उचलून त्याने जर्सीवाल्याच्या हातात दिल्या. "घे. दोराला हात लावलास, वाटा तुझा. रीत आहे."

"डोळे गेले रे माझे," मग तो डेसला म्हणाला.

डेसचं हसू ओसरलं. "कधीपासून?"

"आज दुपारपासून."

डेस त्याच्याकडे बघत राहिला. मग वाकून बुटातली वाळू झाडू लागला, बराच वेळ.

साडेचारला मेरनने ट्रकच्या बॉनेटवर कागद पसरले. डेसने सही केली. मग हेककडे पेन देताना, डोळ्यांचं ऐकलेली ती हळू आवाजात म्हणाली, "चष्मा आहे का? कुणी आणून देईल का?"

हेकने जन्मात चष्मा लावला नव्हता. मी दोर गुंडाळत होते, गुंडाळतच राहिले.

"नको," तो म्हणाला. "तूच दाखव जागा."

तिने कागदावर बोट ठेवलं. हेक खूप खाली वाकला, दिसत नसलेल्या माणसासारखा, आणि त्या बोटाला लागून त्याने सही केली.