चार नंबरचा विरोध

“इथं सही करा काका, आणि खाली पूर्ण नाव.”

कडुबा साळव्यांनी पेन हातात घेतलं, पण कागदाला टेकवलं नाही. “काय लिवलंय मॅडम यात?”

“विरोध लिहिलाय. समोरच्याला दाव्यात दुरुस्ती करायचीय, आपण नको म्हणतोय. बास.” तनुजा मॅडम सरकारी वकील. काखेत फायलींची चळत आणि डोळा घड्याळावर. बाई मनानं वाईट नव्हती, पण त्या कचेरीची रीतच तशी. समोरून अर्ज आला की आधी विरोध ठोकायचा, वाचायचं मग सवडीनं. आणि सवड कुणाच्या बापाला मिळालीय कोर्टात?

“दुरुस्ती म्हंजी नवीन काय घालणार ते?”

“घालणारच की. त्याशिवाय अर्ज कशाला देतील?”

कडुबांना हीच भीती होती. त्यांनी मुकाट्यानं सही केली. कागद इंग्रजीत होता आणि कडुबांचं इंग्रजी स्वतःच्या नावापुरतं.

भीती कशाची, ते फक्त दोघांना ठाऊक होतं. एक कडुबा, दुसरा समोरच्या बाकावर बहिणीशेजारी बसलेला मुनीब. चार वर्षांपूर्वी मुनीब चोरीच्या आरोपात मांजरवाडीच्या तुरुंगात कच्चा कैदी होता आणि कडुबा त्याच्या बराकीवर हवालदार. पोराचा डावा डोळा सुजला, पू यायला लागला. दवाखान्यात न्यायला पोलीस गार्ड लागतो. गार्ड काही येईना. कडुबांनी जेलरसाहेबांना सांगून पाहिलं. “नाटकं करतंय बेणं,” एवढंच उत्तर मिळालं. शेवटी कडुबांनी बाहेरच्या मेडिकलवाल्याला विचारून थेंबांची बाटली घेतली, मोज्यात लपवून आत नेली आणि गजाआडून स्वतःच्या हातानं त्याच्या डोळ्यात सोडत राहिले. कैद्यासाठी काडेपेटी आत नेली तरी नोकरी जाते, इथं तर औषध.

डोळा गेला तो गेलाच. पुढं मुनीब निर्दोष सुटला आणि त्यानं सरकारवर दिवाणी दावा ठोकला. त्याच्या पहिल्या वकिलानं ड्युटीवरचे सगळेच प्रतिवादी केले. कडुबा त्यात चौथे. सरकारचं उत्तर एका ओळीचं होतं, कैद्यानं डोळ्याची तक्रार कधी केलीच नाही.

दिवाळीनंतर कडुबा निवृत्त व्हायचे होते. पाचोडच्या बाजारात माणसं त्यांच्याकडं बोट दाखवून कुजबुजायची, डोळा घालवणारा हवालदार ह्योच. त्यांची बायको रत्नमाला बाजाराला जायचीच बंद झाली होती. सकाळी डबा देताना ती म्हणाली होती, “तेवढं नाव निघालं ना, तर मी गावात वर मान करून फिरीन.” आणि आता मुनीब ते थेंब कागदावर आणणार. निलंबन तर ठेवलेलंच. पण कडुबांना त्याहून मोठी धास्ती होती. त्या थेंबांनीच तर डोळा गेला नसेल? हे ते कुणाला विचारू शकले नव्हते, बायकोलासुद्धा.

पुकारा झाला. न्यायाधीश बाईंनी अर्ज वाचला, मग विरोधाचा कागद वाचला, मग पुन्हा अर्ज. चष्मा काढून त्यांनी तनुजा मॅडमकडे पाहिलं.

“सरकारी वकील, तुम्ही अर्ज वाचलाय?”

“हो मॅडम. दुरुस्तीनं दाव्याचं स्वरूपच बदलेल, म्हणून विरोध.”

“वादी चार नंबरच्या प्रतिवादीचं नाव दाव्यातून वगळायला सांगतोय. आणि त्या चार नंबरनंच शपथेवर विरोध केलाय.”

कोर्टात खसखस पिकली. तनुजा मॅडमच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. कडुबांना आधी कळेचना, मग कळलं, आपल्याच सुटकेला त्यांनी नको म्हणून सही केली होती.

बाईंनी मुनीबच्या वकिलांना विचारलं, “या एकालाच का वगळायचं?”

“माझ्या अशिलाची या माणसाविरुद्ध तक्रार नाही.”

“कारण?”

“कारण सांगायला तो तयार नाही मॅडम. मीही विचारून थकलो.”

कडुबांनी मुनीबकडं पाहिलं. तो मान खाली घालून बसला होता. अरे खुळ्या, कडुबांच्या मनात आलं, थेंबांचं बोललास तर तक्रार केली होतीस हे सिद्ध होतं. तुझा दावा उभा राहतो. आणि ते सोडून मला वाचवतोस?

“विरोध मागे घेते,” तनुजा मॅडम घाईघाईनं म्हणाल्या.

“नाय.”

सगळ्यांनी वळून पाहिलं. कडुबा उभे होते, परेडला उभे राहावेत तसे ताठ. “माझा विरोध हाय, साहेब. नाव राहू द्या.”

“काका, बसा,” तनुजा मॅडम दबक्या आवाजात म्हणाल्या. “सुटताय तुम्ही.”

“कळतंय मॅडम. पर यानं तक्रार केली व्हती. माझ्यापाशी केली, मी वर सांगितली. कुणी नेलं नाय, म्हणून बाहेरून औषध आणून मी त्याच्या डोळ्यात घातलं. त्यानं डोळा वाचला का गेला, मला ठाऊक नाय. पर तक्रारच नव्हती, हे खोटं हाय.”

न्यायाधीश बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, “हे पुराव्याच्या वेळी सांगायचं असतं. नाव काढलं तरी साक्षीदार म्हणून येता येईल तुम्हाला.”

“साक्षीदाराला बोलवलं तर यायचं, साहेब. मला कोण बोलवणार? प्रतिवादीला तारखेला यावंच लागतं.”

या वेळी कुणी हसलं नाही. मुनीबचे वकील उठले, त्याच्याशी कानात बोलले आणि म्हणाले, “अर्ज चालवायचा नाही, मागे घेतोय.” बाईंनी तसं लिहून घेतलं आणि पुढची तारीख दिली. तनुजा मॅडमनी फायली उचलल्या. दारात थांबून त्या म्हणाल्या, “आता दुसरा वकील बघा काका. मला तुमच्या बाजूनं बोलता येणार नाही.” आवाजात राग नव्हता.

बाहेर लिंबाखालच्या पारावर मुनीब आणि त्याची बहीण सगीरा बसले होते. कडुबा जाऊन शेजारी टेकले. मुनीब त्यांच्याकडं वळला.

“क्यूँ बोले साब तुम? नोकरी जाएगी ना.”

“जाऊ दे. माझ्या थेंबांनी तर गेला नाय ना रं?”

“पता नहीं साब,” मुनीब म्हणाला. “झोंबायचे लई. पर दिवसातनं तेवढ्यापुरतं कुणीतरी डोळ्यात बघायचं.”

खिशातला फोन वाजला. रत्नमाला होती. “निघालं का नाव?”

“नाय. मीच ठिवलं.”

पलीकडं भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, “भाकर खाल्ली का?”

“खातो आता.”

त्यांनी डबा सोडला, भाकरी मोडली आणि मुनीबच्या उजव्या बाजूला, त्याला दिसेल अशी ठेवली.