फोनातला पप्पा

मी एक जुना फोन आहे, मित्रांनो. तुमच्या आईच्या हातातला तो गुळगुळीत, चित्रं दाखवणारा फोन नव्हे. बंगळुरातल्या बेळ्ळंदूरच्या एका उंच सोसायटीच्या गेटवर, रखवालदाराच्या केबिनमध्ये भिंतीला टांगलेला फोन. सोसायटीबाहेर मला कुणी ओळखत नाही, आणि सोसायटीबाहेर माझी तार जातही नव्हती.

माझा जन्म बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात झाला. लांब टेबलाशी बसलेल्या मुली गप्पा मारत माझ्या तारा जोडत होत्या. एकीनं मला कानाला लावून पलीकडच्या मैत्रिणीला विचारलं, "ऊट आयता?" म्हणजे, जेवलीस का? पलीकडची हसली आणि मी पास झालो. मी ऐकलेला पहिला प्रश्न हा असा मायेचा होता.

माझ्यात एक खोट मात्र जन्मापासून होती. माझ्यातून जाणारा आवाज फुटका जायचा. गेटवर कुणीही बोलो, वर घरांमध्ये सगळ्यांचा आवाज सारखाच, पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा.

तरी सुरुवातीला माझं कौतुक फार झालं. सोसायटीचे सेक्रेटरी विश्वासराव पाहुण्यांना मुद्दाम केबिनपाशी आणायचे. "ह्याला विचारल्याशिवाय आमच्याकडे चिमणीसुद्धा आत शिरत नाही," म्हणायचे. कुणी आलं की रखवालदार मला उचलायचा, घराचा नंबर दाबायचा आणि विचारायचा, "सोडू का?" किती जणांना मी आत सोडलं मित्रांनो! दूधवाले, जावई, नव्या नवऱ्या, एकदा तर एक ससा. बाहेर जाणाऱ्याला मात्र कुणी काही विचारत नसे. तसा नियमच नव्हता.

मग गेटवर रोशन आला. खानापूरकडचा उंचापुरा तरुण. त्याचे आजोबा फौजेत होते, काका फौजेत होते. रोशननंही भरतीसाठी पुन्हा पुन्हा धाव घेतली. दर वेळी काहीतरी आडवं आलं आणि शेवटी वयच निघून गेलं. म्हणून तो इथे उभा राहिला. पण उभा कसा, तर छाती काढून! येणाऱ्या प्रत्येक मोटारीला कडक सलाम ठोकायचा. गाडीतली मोठी माणसं मोबाइलमधून मान वर काढत नसत. एखादं लहान मूल उलट सलाम करायचं, तेव्हा रोशनचा चेहरा उजळून निघायचा.

त्याची बायको सोनम सातव्या मजल्यावर सुचेताचं तान्हं बाळ सांभाळायची. सुचेता पुण्याची, दिवसभर बंद खोलीत लॅपटॉपपुढे. सोनमची लेक श्वेता जेमतेम तीन वर्षांची, तीही आईबरोबर वरच असायची. "राहू दे गं, बाळाला कंपनी होते," असं सुचेतानंच सांगितलं होतं. दुपारी जेवण झालं की श्वेता स्वयंपाकघरातल्या स्टुलावर चढायची आणि तिथल्या फोनवरून गेटचं बटण दाबायची.

"पप्पा?"

"बोला श्वेताबाई! काय रिपोर्ट?"

"भात खाल्ला."

"शाब्बास!"

"आता वर ये."

"ड्युटीवर हाय राजा. ड्युटी संपली की येतो."

आणि संध्याकाळी तो खरंच यायचा. तिला खांद्यावर बसवून गेटमधून घरी न्यायचा. तेव्हा ती उंचावरून मला टाटा करायची.

एका दुपारी रोशननं सोनमला खाली बोलावलं आणि केबिनमध्येच मोबाइल दाखवला. लांब कुठेतरी दोन देशांची लढाई जुंपली होती. त्यातला एक देश परक्या माणसांना आपल्या फौजेत घेत होता. वयाची अडचण नव्हती. स्वखुशीनं या आणि गणवेश घाला, एवढंच.

"तो देश नकाशात दाखव बघू कुठं हाय," सोनम म्हणाली.

रोशनला पटकन सापडला नाही.

"त्यांचं भांडण तरी ठाऊक हाय का तुला? कुणी कुणाचं काय केलं?"

"इथं तरी कुणाचं दार राखतोय मी? आपलं हाय का ते?"

"इथनं संध्याकाळी घरी येतोस की!"

 रोशन हळूच म्हणाला, "एकदा फौजी म्हणून उभं राहायचं हाय, सोनम. कुठल्याबी फौजेत. वर्षाचा तर प्रश्न हाय."

"आणि एवढी मरायला हौस असंल तर लग्न कशाला केलंस रे?"

तो कसनुसा हसला. काही दिवसांनी बॅग घेऊन गेटमधून निघून गेला. मी भिंतीवर मुका टांगलेला होतो.

त्याच्या जागी देवाप्पा आला. निपाणीकडचा, साठी ओलांडलेला, गुडघे दुखणारा. पहिल्याच दुपारी मी वाजलो.

"पप्पा?"

देवाप्पाला रोशनची गोष्ट कळली होती. 'पप्पा इथं न्हाई' असं सांगायला त्यानं तोंड उघडलं, पण निघालं भलतंच. "हां... बोल बाळा."

"असं नाही. श्वेताबाई म्हण."

"बोला श्वेताबाई."

माझ्या फुटक्या आवाजात तिला फरक कळला नाही. 'वर ये' म्हणाली की तोही 'ड्युटी संपली की येतो' म्हणायचा. येता-जाता ती देवाप्पाला 'अज्जा', म्हणजे आजोबा, म्हणून हात करायची. तिच्या लेखी अज्जा गेटवर असायचा आणि पप्पा फोनात.

सोनमला समजलं तेव्हा ती तरातरा खाली आली. "अण्णा, लेकराशी खोटं कशाला बोलता?"

"चुकलं पोरी. पण स्वल्प दिवस चालू दे. तो आला की खरंच होतंय ते."

सोनम पदराशी चाळा करत उभी राहिली. मग वर गेली.

सुरुवातीला रोशनचे फोटो आले. बर्फात, परक्या गणवेशात, सलाम करताना. मग महिनाभर काहीच नाही. मग त्याच्याबरोबर गेलेल्या एका मुलाचा फोन आला. त्यांची तुकडी एका शेतापलीकडे गेली होती, परत आली तेव्हा रोशन तिच्यात नव्हता. मेलेला कुणी पाहिला नाही, जिवंतही पाहिला नाही.

सोनमनं किती कचेऱ्यांचे उंबरे झिजवले! सुचेताही सोबत गेली, इंग्रजीत भांडली. सगळीकडे एकच प्रश्न. कुणी पाठवलं होतं त्याला? कुणीच नाही, स्वखुशीनं गेला. मग समोरचा माणूस पेन खाली ठेवायचा. त्या देशाचा तो नव्हता, म्हणून तिकडे त्याला कुणी शोधेना. या देशानं पाठवला नव्हता, म्हणून इकडेही कुणी शोधेना.

तोवर माझेही दिवस भरले. आत सोडायचं की नाही हे आता सगळे मोबाइलवरच ठरवत. माझ्यावर धूळ साचली. दुपारची श्वेताची घंटी तेवढी उरली होती. "काढून टाका तो डबा," विश्वासराव म्हणाले, "केबिनला रंग द्यायचाय."

पक्कड घेऊन माणूस आला त्या दुपारी सोनम धावत खाली आली. "भैया, थोडं थांबा," म्हणून तिनं त्याला चहा घ्यायला धाडलं आणि देवाप्पाकडे वळली.

"अण्णा, आत्ता तिचा फोन येईल. तुम्हीच सांगा तिला."

"काय सांगू?"

"पप्पा येणार न्हाई म्हणून. मला जमत न्हाई. रोज सांगायला बसते आणि घास भरवून उठते. तिला तो आवाज खरा वाटतोय, त्याच आवाजात सांगा."

तेवढ्यात मी वाजलो.

"पप्पा?"

"बोला श्वेताबाई."

"भात खाल्ला."

"शाब्बास." त्यानं सोनमकडे पाहिलं. ती गेटकडे तोंड करून उभी होती. "बाळा, हा फोन आता बंद होणार. इथनं पप्पा आता बोलणार न्हाई."

 ती आनंदानं ओरडली, "ड्युटी संपली?"

 देवाप्पानं मला छातीशी धरलं. त्याच्या छातीतली धडधड वर जात होती आणि वरचं सगळं मला ऐकू येत होतं, कारण तिनं फोन तसाच लोंबता सोडला होता. "मी दार उघडते!" मग स्टूल फरशीवरून ओढत नेल्याचा आवाज. मग कडी काढल्याचा.

चहा पिऊन माणूस आला. त्यानं तार कापली.

मित्रांनो, आता मी तळघरात रंगाच्या रिकाम्या डब्यांमागे पडलो आहे. आम्हा जुन्या वस्तूंनी शेवटी म्हणायचं असतं, आमची निगा राखा. माझं राहू द्या. पण तुमच्या घरातून कुणी बॅग उचलून निघालं, तर दारात आडवे उभे राहा. कुठे जाता, कुणाच्या भांडणात, हे विचारा. थांबतीलच असं नाही. सोनमनं विचारलंच होतं.

वरचं ते दार त्या दिवशी किती वेळ उघडं राहिलं, ते मला ठाऊक नाही.