माहेश्वरी पदराआडचा दिवा

मित्रांनो, माझ्याकडे उघड्या डोळ्यांनी बघू नका, भाजतील. मी एक जुना औषधी दिवा आहे. पोटात पारा, त्याभोवती काचेसारखी नळी. मध्यप्रदेश नवा नवा झाला तेव्हा पेटीत बसून मुंबईहून इंदूरला आलो, राजवाड्यामागे डॉक्टर दिनानाथांच्या दवाखान्यात. सोरायसिसचे चट्टे माझ्या उजेडानं उतरतात. लोक मला भूत समजायचे. मीही लोकांवर कधी भरवसा ठेवला नाही.

मग भानुमती आली. जुन्या सरदारी घराण्यातली, अप्पासाहेबांची सून. पाठीवर, हातांवर खवल्यांचे चट्टे. सासूनं, म्हणजे सखुबाईंनी, ठरवूनच टाकलं की हा महारोग. संक्रांतीपर्यंत अंग साफ झालं नाही तर सून माहेरी जाणार आणि तिचं लेकरू इथंच राहणार.

सखुबाई खोलीत पहारा द्यायच्या. "सूनबाई, पदर अंगभर घ्या. या लाइटचा काय भरोसा, काळ्या पडाल."

डॉक्टरांनी नाही म्हणायला हवं होतं. पण संस्थान गेलं तरी या माणसाची मान वाकलेलीच. "चालेल, आईसाहेब. माहेश्वरी साडी पातळ असते, उजेड जातोच."

दिसणारा उजेड जातो हो. काम करणारा, डोळ्यांना न दिसणारा जांभळ्यापलीकडचा, पदरातच अडकतो. डॉक्टरांना हे ठाऊक नव्हतं? मला दाट संशय आहे, होतं.

महिना गेला, पाठ तशीच. कंपाउंडर लक्ष्मणनं मला टपली मारली. "साहेब, इसमें दम नहीं बचा. भंगारात द्या."

दोष माझा. वा रे न्याय.

तेव्हा भानुमतीनं उजवा हात पुढे केला. काळ्या चष्म्याचा पट्टा सैल होता, म्हणून ती तो हातानं धरून बसायची. तेवढा हात पदराबाहेर राहायचा. त्यावरचा चट्टा विरला होता.

"मग हा कसा गेला?"

"माझ्या जपानं," सखुबाई म्हणाल्या.

"जप एकाच हाताला लागला का, आईसाहेब? तुम्ही बाहेर बसा. लक्ष्मणभिया, तुम्हीही."

डॉक्टरांनी माझ्या घड्याळाला वेळ लावून दिली आणि तेही बाहेर गेले. दार लागलं. पदर खाली आला.

संक्रांतीपर्यंत पाठ निवळली. भानुमती लेकरापाशी राहिली. हा आजार परतू शकतो, मी खोटं बोलणार नाही. जपाचा महिमा मात्र सखुबाईंनी गावभर सांगितला.

मित्रांनो, आता मी माळ्यावर आहे. माझी धूळ पुसलीत तर बरं वाटेल. पण अंगावर असे चट्टे असलेलं माणूस शेजारी बसलं, तर सरकू नका. हा आजार शिवल्यानं लागत नाही. आणि तुम्ही इंचभर सरकलात तरी त्या माणसाला दिसतं.