पाशामियाँचा खुराक

बेंबळी गावात पाशामियाँ समोर दिसला की धोंडीबाचा जळफळाट व्हायचा. दोघं एकाच साली जन्मलेले, दोघंही सत्तरीच्या पुढं. पण पाशामियाँ अजून विहिरीत सूर मारायचा आणि धोंडीबाला ओट्यावरून उतरताना भिंत धरावी लागायची. त्याचे दात शाबूत, याच्या तोंडाचं बोळकं. एवढा अन्याय मुकाट सोसायला माणूस दगडच हवा, आणि धोंडीबा काही दगड नव्हता.

त्यात सवारीचं झालं. मोहरमची सवारी, म्हणजे कापडं आणि पंजा चढवलेला तो जड खांब, धोंडीबाच्या घरच्या माणसानंच धरायची असा गावचा जुना रिवाज. गेल्या साली वेशीपाशी त्याचे गुडघे लटपटले. सवारी कलंडणार तोच पाशामियाँनं ती झेलली आणि सरळ ओढ्यापर्यंत नेली. त्याला दम लागला नाही, हेच धोंडीबाच्या मनाला फार लागलं. यंदा सवारी पाशामियाँकडंच द्यावी, असं लोक चावडीवर उघड बोलू लागले. धोंडीबाला मूलबाळ नव्हतं. आता मान गेला तर कायमचाच जाणार होता.

अशात निजामाचा गिरदावर, म्हणजे महसुलाचा अंमलदार, घोड्यावरून गावात आला. चावडीपुढं ताठ उभा असलेला पाशामियाँ बघून त्यानं कौतुकानं विचारलं, "बडे मियाँ, इस उमर में ऐसी सेहत?"

पाशामियाँ लाजून म्हणाला, "सब खानदान का है, साहब."

धोंडीबा लांब बसला होता. एक कान अधू, उर्दू बाजारापुरती. त्यानं ऐकलं, 'सब खाना-दाना का है.' अस्सं! म्हणजे लेकाचा खुराकावर चाललाय, आणि इतक्या वर्षांत एका शब्दानं बोलला नाही!

मग त्यानं पाळतच ठेवली. पाशामियाँची बायको अजीजाबी सकाळी बोकडाच्या पायांचा रस्सा करते आणि वर तुपात तळलेले खजूर वाढते, एवढं त्याला परसातल्या पडक्या भिंतीआडून दिसलं. घरी येऊन त्यानं दगडाबाईनं वाढलेलं ताट बाजूला सारलं.

"रोज ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी नि ताक! बायको हाईस का वैरीण? जन्मभर ढोरावानी पाला खाऊ घातलास, म्हनून म्या असा वाळलो."

'बाधंल तुमाला,' असं दगडाबाई म्हणत राहिली. त्यानं स्वतःच चूल पेटवली. तो चवीनं जेवत नव्हता, ईर्ष्येनं जेवत होता. पाशामियाँ एक वाटी रस्सा पीत असेल तर यानं दोन प्याल्या. आठवड्याच्या आत पोट असं बिघडलं की त्याला अंथरूण सोडवेना.

समाचाराला आला तो पाशामियाँच. सगळा प्रकार कळल्यावर तो पोट धरून हसला. "आरं येड्या, खाना-दाना न्हाय, खानदान म्हनलं म्या! माझा बाप नव्वदीत चिंचेवर चढायचा. आजा त्याच्याबी पुढं गेला. म्या कायबी खाल्लं तरी असाच ऱ्हानार."

धोंडीबानं भिंतीकडं तोंड फिरवलं. खुराक चोरता आला. बाप आणि आजा कुठून चोरून आणायचे?

पाशामियाँचं हसू मात्र थांबलं होतं. "तुझा बाप पन्नाशी न बघता गेला. आजाबी, दोन्ही भाऊबी. तुमच्या घरात सत्तरी कुनी बघितलीय? गेल्या साली तू सवारी घिऊन वेशीपतूर आलास, मला त्याचंच लई नवल वाटलं. भाबी, ह्याला जगवलं तरी कशावर?"

"सासरे गेले तवाच ठरवलं," दगडाबाई चुलीपासून म्हणाली. "ह्यांच्या ताटात तेलकट, जड काय पडू द्यायचं न्हाय. शिव्या खाल्ल्या, पन दिलं न्हाय."

धोंडीबानं मान वळवून चुलीकडं बघितलं. इतक्या वर्षांत त्यानं तिला एकदाही काही विचारलं नव्हतं.

"मग मलाबी द्या की ती भाकर," पाशामियाँ म्हणाला. "आमच्या घरात एवढी काळजी कुनी घेत न्हाय."

दगडाबाई खुदकन हसली. असं कौतुक तिनं आजवर ऐकलंच नव्हतं. तिनं गरम भाकरीवर अंबाडी घातली आणि त्याच्यापुढं धरली.

धोंडीबा अंथरुणातून ताडकन उठून बसला. त्यानं ती भाकरी मधल्यामधे ओढून घेतली.

"सवारी ने यंदा!" तो ओरडला. "खुशाल ने. पन हितं हात लावू नगंस. तुला बाप हाय, आजा हाय. मला ही एकलीच हाय."