बाराव्या धड्यावरची हळद

मी फ्रेंच व्याकरणाचा एक जुना ग्रंथ आहे. मित्रांनो, अशी हाक मारायची रीत आहे म्हणून मारतो. तुम्ही माझे मित्र आहात असं मला मुळीच वाटत नाही. पुस्तकाला पाय लागला की तुम्ही चटकन नमस्कार करता आणि मग वर्षभर त्याच्याकडे ढुंकून पाहत नाही. असल्या नमस्कारांचा मला वीट आला आहे.

माझा जन्म मद्रासच्या एका छापखान्यात झाला. अर्धा मी इंग्रजी, अर्धा फ्रेंच, पोटात चाळीस धडे. वर्ध्याच्या बंडोपंतांनी मला १९५२ साली नागपुरात जुन्या पुस्तकांच्या ढिगातून उचललं. ते कचेरीत कारकून होते. पहिले अकरा धडे त्यांनी पाढ्यांसारखे घोकले. मग बारावा आला.

बारावा धडा असा : ज्याला आपण पाहतो, धरतो, धुतो, त्याचं नाव पुन्हा पुन्हा घ्यायचं नाही. त्याच्या जागी एवढासा शब्द ठेवायचा. पुल्लिंगी नावाला 'ल', स्त्रीलिंगी नावाला 'ला', अनेक असतील तर 'ले'. आणि तो क्रियापदाच्या आधी ठेवायचा. 'मी त्याला पाहतो' म्हणजे 'ज ल व्वा'. इंग्रजीत तो क्रियापदाच्या मागे जातो. बंडोपंत आधी सगळं इंग्रजीत जुळवायचे, त्यामुळे त्यांचा 'ल' रोज शेपटाला जाऊन बसायचा. तीन महिने झगडून त्यांनी मला मिटलं आणि त्यानंतर माझी पूजा सुरू झाली.

हसू नका. दर दसऱ्याला पाटावर लाल कापड, त्यावर मी, माझ्यावर हळदकुंकू, झेंडू आणि आपट्याची पानं. पूजेतलं पुस्तक त्या दिवशी उघडायचं नसतं. बंडोपंतांनी उरलेले दिवसही त्यातच धरले. बंडोपंतांना फ्रेंच येतं असा गावभर बोभाटा झाला, तपासणार कोण? बाराव्यापासून पुढचे माझे एकोणतीस धडे कोरे करकरीत राहिले.

१९७८ साली नलू आली. वडनेरच्या शेतकऱ्याची मुलगी, अकरावी झालेली. तिची आई भागीरथाबाई वर्ध्याजवळच्या कुष्ठरोग दवाखान्यात होती आणि नलू तिच्याजवळच राहत होती. रोग औषधानं आटोक्यात आला होता, पण उजव्या हाताची बोटं आत वळून बसली होती. दसऱ्यानंतर फ्रान्सहून एक डॉक्टरीणबाई आठ दिवसांसाठी येणार होत्या. त्या अशी बोटं शस्त्रक्रियेनं सरळ करत, पण रोग्याशी नीट बोलल्याशिवाय सुरी धरत नसत. त्यांना इंग्रजी जेमतेम येत होतं. म्हणून दवाखान्यातल्यांनी नलूला फ्रेंच शिकायला बंडोपंतांकडे धाडलं.

नाही म्हणावं तर अब्रू जाते. बंडोपंत हो म्हणाले, पण मला तिच्या हाती काही दिलं नाही. ते ओसरीवर खुर्चीत, मी त्यांच्या मांडीवर आणि नलू खाली पायरीवर.

"पुस्तकाला हात लावायचा नाही. तुझ्या आईला काय झालंय ते मला ठाऊक आहे," असं त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं.

नलू मान खाली घालून लिहू लागली. मला मात्र संताप आला. रोग आईला आणि विटाळ म्हणे पुस्तकाला!

अकरा धडे दीड महिन्यात संपले. मग रोज 'उद्या'. कधी डोकं दुखतं, कधी एकादशी. असं करता करता दसरा उजाडला. मी पाटावर नटून बसलो होतो, तेवढ्यात नलू आली.

"गुरुजी, बाई परवा येऊन राह्यल्या. बारावा धडा राह्यला."

"आज पुस्तक पूजेत आहे. उघडत नसतात."

"तुमी पंधरा दिवसांपासून उद्याच म्हणून राह्यले. मायची बोटं दुखतात का, तिले कळतात का, हे मी बाईले कसं सांगू? तेच तं त्या धड्यात हाय, असं तुमीच म्हणले नं?"

"सांगितलं ना, आज नाही!"

"काऊन नाई?"

तेव्हा बंडोपंतांच्या पत्नी यशोदाबाई हात पुसत स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "घे गं उघडून. यांना तो धडा येत नाही. पंचवीस वर्षं मी बघते आहे."

बंडोपंतांचा चेहरा पार उतरला. नलूनं झेंडू बाजूला सारला, मला उचललं आणि पायरीवर बसून बारावा धडा काढला. "हात लावू नकोस!" बंडोपंत ओरडले, पण उशीर झाला होता. तिची हळदीची बोटं माझ्या पानावर उमटली होती.

तिनं धडा तीनदा वाचला आणि मान वर केली.

"गुरुजी, हे तं आपल्यावानीच हाय! 'मी त्याले पाह्यतो.' आपण बी 'त्याले' आंधीच म्हणतो. इंग्रजीतून काऊन जाता?"

बंडोपंत उठून आत गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं. ती गेल्यावर त्यांनी माझ्यावर गोमूत्र शिंपडलं. माझी पानं फुगली, शिवण उसवली. मग लाल कापडात गुंडाळून मला फळीवर टाकलं ते सहा वर्षं. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी बोलतो. बंडोपंत ८४ साली वारले, पण तोवर त्यांनी मला एकदाही उघडलं नाही. येत नाही याचा मला राग नाही. स्वतःला येत नाही म्हणून दुसऱ्याचा हात झिडकारण्याचा आहे.

बंडोपंतांच्या तेराव्यानंतर यशोदाबाईंनी नलूला बोलावून मला तिच्या पदरात टाकलं. तेव्हा तिनं त्यांना सांगितलं ते मी ऐकलं. डॉक्टरीणबाईंनी भागीरथाबाईंचा हात हातात घेऊन बोटांबद्दल विचारलं होतं आणि नलूनं न अडखळता सांगितलं होतं, "एल न ले सां पा." म्हणजे, ती बोटं तिला जाणवत नाहीत. बाईंनी मान हलवली. बोटं सरळ होतील, जाणीव परत येणार नाही, हेही नलूनंच आईला समजावलं. शस्त्रक्रियेनंतर दोन महिन्यांनी आईनं स्वतःच्या हातानं कप धरला.

आता नलू त्याच दवाखान्यात कामाला आहे आणि मी तिच्या टेबलावर असतो. मलमाचे डाग पडलेत, कोपरे दुमडलेत, पुठ्ठा सुटलाय. कुणी पूजा करत नाही. मित्रांनो, तुमच्या फळीवर माझ्यासारखा कुणी कापडात गुदमरत असेल तर त्याला सोडवा. मळला तर मळू द्या. आणि कुणाचे हात त्याच्याकडे वळले तर ते हात कुणाचे, हे विचारू नका.

काल भागीरथाबाई नलूची वाट पाहत टेबलाशी बसल्या होत्या. त्यांना वाचता येत नाही. चित्रं आहेत का बघायला त्यांनी मला उघडलं आणि सरळ झालेल्या बोटांनी, जपून, एक पान उलटलं. ते त्यांना जाणवलं नाही. मला जाणवलं.